न लावलेला गंधार

तानपुऱ्याला चार तारा असतात. पहिली पंचमाची (प), मधल्या दोन षड्जाच्या (सा), ज्यांना जोड म्हणतात, आणि शेवटची खर्जाची, म्हणजे खालच्या सप्तकातल्या षड्जाची. गंधाराची (ग) तार त्यात नसते. तरीही चांगल्या जवारीचा, म्हणजे घोडीला नेमका आकार दिलेला, तानपुरा नीट लागला की त्यातून गंधार ऐकू येतो. खर्जाची तार छेडल्यावर लगेच नाही, थोड्या वेळाने, तारेचा पहिला भरदार आवाज ओसरू लागला की तो वर येतो. गवयी त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. एकदा तो कानाला सापडला की पुढे कधीही तानपुरा ऐकताना तो सुटत नाही.

मला तो सापडायला बराच काळ लागला. आमच्या गाण्याच्या बाई नव्या मुलीला सुरुवातीला गायला देतच नसत. तानपुरा मांडीवर द्यायचा, पहिली तार मधल्या बोटाने, बाकीच्या तीन तर्जनीने, हलक्या हाताने छेडायच्या, एवढंच काम. "तार ओढू नकोस गं, तिला नुसतं जागं कर," असं सांगायच्या. मग म्हणायच्या, "खर्ज संपत आला की कान दे. पंचम छेडायची घाई करू नकोस." मी कान देत होते आणि मला खर्जच ऐकू येत होता. एका संध्याकाळी बाईंनी बाजूला बसून अगदी बारीक आवाजात 'ग' धरला आणि मध्येच थांबल्या. त्या थांबल्या तरी 'ग' थांबला नाही. तो तानपुऱ्यातून चालूच होता. असं काही आपल्या हातातल्या वाद्यात आधीपासून होतं आणि ते आपल्याला ऐकूच येत नव्हतं, याचा मला धक्काच बसला.

पुढे कॉलेजात पदार्थविज्ञान शिकताना त्याचं कारण कळलं. ताणलेली तार नुसती अख्खी थरथरत नाही. त्याच वेळी ती दोन भागांत थरथरते, तीन भागांत, चार, पाच, सहा भागांत, आणि हे सगळं एकावर एक चढवलेलं असतं. काळी एक, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीचा सा, ही पुरुष गायकांची नेहमीची पट्टी घेऊ. त्यात जोडाची तार सेकंदाला सुमारे १३८.६ वेळा कंप पावते आणि खर्जाची ६९.३ वेळा. या खर्जाच्या तारेत दुप्पट कंपनाचा षड्ज असतो, तिप्पट कंपनाचा पंचम, चौपटीला पुन्हा षड्ज, आणि पाचपटीला, म्हणजे ३४६.५ ला, शुद्ध गंधार. अशा पटींतल्या स्वरांना उपस्वर म्हणतात. पहिल्या पाच उपस्वरांतच सा, प आणि ग आले. बिलावल थाट, म्हणजे सगळ्या शुद्ध स्वरांची मांडणी, कुणी कागदावर मांडला त्याच्या कितीतरी आधीपासून ही तीन स्वरांची मोळी प्रत्येक ताणलेल्या दोरीत बांधलेलीच होती.

पण मग गिटारच्या, व्हायोलिनच्या, कपडे वाळत घालायच्या ताठ तारेतूनसुद्धा हा गंधार निघायला हवा. निघतो. ऐकू येत नाही एवढंच, कारण साध्या तारेत वरचे उपस्वर अशक्त असतात आणि छेडल्यानंतर सर्वांत आधी तेच विझतात. तानपुऱ्यात ते विझत नाहीत. छेडल्यावर काही क्षणांनी ते उलट फुलतात. हे घडतं ते भोपळ्यावरच्या बोटभर रुंदीच्या एका पट्टीमुळे आणि एका सुती दोऱ्यामुळे.

ती पट्टी म्हणजे घोडी. तिच्यावरून तारा जातात. व्हायोलिनची घोडी वरून धारदार असते आणि तार तिला एका बिंदूवर टेकते. तानपुऱ्याची घोडी रुंद असते आणि वरून सपाट दिसते. दिसते, पण असते अगदी किंचित गोलाईची. तार तिच्यावर जवळजवळ झोपलेली असते. या गोलाईला जो आकार दिलेला असतो, ती जवारी.

जवारी काढताना पाहायची असेल तर मिरजेला जावं. एकोणिसाव्या शतकात हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातल्या फरीदसाहेबांनी तिथे तंतुवाद्यं करायला सुरुवात केली, मिरज संस्थानचा आश्रय मिळाला, आणि आज सतारमेकर गल्लीत त्यांच्या पुढच्या पिढ्या तेच काम करतात. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे मोठे कडू भोपळे, वाळवलेलं लाकूड, शिसवी किंवा हाडाच्या घोड्या असा सगळा पसारा दुकानात मांडलेला असतो. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. त्याचा मला मनापासून आनंद झाला. हे मानांकन फार आधी मिळायला हवं होतं.

माझा तानपुरा तिथल्या एका कारागिरांकडे जातो. मी त्यांना चाचा म्हणते. तानपुरा मांडीवर घेतला की चाचा आधी वाजवत नाहीत, घोडीकडे तिरक्या उजेडात बघतात. रोज थरथरून तारेने घोडीवर बारीक चरा पाडलेला असतो. तो किती लांब आहे आणि कुठे खोल आहे, यावरून त्यांना कुठली तार कशी वाजत असेल ते समजतं. मग तारा सैल करून बाजूला सारतात, बारीक कानस घेतात आणि घोडीवरून एकाच दिशेने फिरवतात. दोन हात, फार तर तीन. भुकटी अंगठ्याने पुसतात. तारा परत चढवतात, स्वरात आणतात आणि पहिल्यांदा छेडतात. आवाज बसका येतो. पुन्हा सैल, पुन्हा कानस. एका तारेचं झालं की दुसरीचं. प्रत्येक तारेची जाडी वेगळी, ताण वेगळा, म्हणून तिची जवारीही वेगळी. पितळी खर्जाला सगळ्यात जास्त वेळ लागतो.

हे झाल्यावर येतो दोरा. तार आणि घोडी यांच्यामध्ये चाचा सुताचा एक तुकडा सरकवतात आणि दोन्ही टोकं धरून तो केसाएवढा पुढे-मागे करतात. एका जागी तार मुकी असते, पुढे सरकवलं की पत्र्यासारखी झणझणते, आणि या दोन्हींच्या मध्ये एक जागा अशी येते की अख्खा भोपळा बोलायला लागतो. मी एकदा विचारलं, "चाचा, ही जागा तुम्ही मोजता कशाने?" ते म्हणाले, "ताई, ही मोजायची नसते. आली की तार स्वतः सांगते." नंतर त्यांनी मला तो दोरा स्वतः सरकवायला लावला. माझ्या हाताला ती जागा आली आणि निसटली. परत आणता आणता पाऊण तास गेला, आणि तो पाऊण तास मी कुठल्याही मैफिलीइतका मोलाचा मानते.

या दोऱ्याने चंद्रशेखर वेंकट रामन यांनाही वेड लावलं होतं. प्रकाशावरचं त्यांचं संशोधन सगळ्यांना माहीत आहे. त्याच्या आधीची कितीतरी वर्षं रामन नादाच्या मागे होते, हे फारसं सांगितलं जात नाही, आणि याची मला खरोखर खंत वाटते. कलकत्त्याच्या इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्समध्ये त्यांनी व्हायोलिनच्या गजाने तार कशी हलते याचा सिद्धांत मांडला, मृदंग-तबल्यावर काम केलं, आणि १९२१ साली तानपुरा व वीणेवर एक छोटा निबंध प्रसिद्ध केला.

त्या निबंधातला प्रयोग कुठल्याही तानपुऱ्यावर करता येतो. पार्श्वभूमी अशी. थॉमस यंग या शास्त्रज्ञाच्या काळापासून एक नियम मानला जात होता, पुढे हेल्महोल्ट्झ या शास्त्रज्ञाने तो पक्का केला. तार जिथे छेडाल, तिथे ज्या उपस्वराचा स्थिर बिंदू असेल तो उपस्वर निघणारच नाही. म्हणजे तार बरोबर मध्यावर छेडली तर दुप्पट कंपनाचा, चौपट कंपनाचा, असे सगळे सम उपस्वर गायब. आता मध्यावर छेडलेल्या तारेला लगेच त्याच मध्यावर बोट टेकवलं तर उरलेले विषम उपस्वरही मरतात, कारण त्यांची हालचाल तिथेच सर्वांत जास्त असते. साध्या घोडीच्या तारेवर हे केलं की शांतता पसरते. रामन यांनी ते तानपुऱ्यावर केलं तेव्हा बोटाखालून वरचा षड्ज खणखणीत वाजत राहिला. नियमाप्रमाणे जो स्वर जन्मालाच यायला नको होता, तो वाजत होता.

मी हे माझ्या जोडाच्या तारेवर करून पाहिलं. तारेचा मध्य सापडवायला पट्टी लावावी लागली, आणि बोट पिसासारखं टेकवावं लागलं. वरचा सा आला. मग जवारीचा दोरा काढून तेच केलं, तर आवाज मिटला. दोरा घातला, पुन्हा आला. शंभर वर्षांपूर्वी कलकत्त्यात एका शास्त्रज्ञाने जे ऐकलं तेच आपल्या घरातल्या सतरंजीवर बसून ऐकता येणं, विज्ञानाची याहून सुंदर बाजू मला माहीत नाही.

नियम मोडतो का? नियम बरोबरच आहे, फक्त तो अशा तारेसाठी आहे जिची दोन्ही टोकं जागच्या जागी असतात. तानपुऱ्याच्या तारेचं एक टोक स्थिर नसतं. तार खाली येते तेव्हा घोडीच्या उतारावर थोडी पुढेपर्यंत टेकते, वर जाते तेव्हा सुटते. किनाऱ्यावरच्या वाळूत लाटेची कड पुढे येते आणि मागे सरते, तशी तार आणि घोडी यांच्या स्पर्शाची कड प्रत्येक कंपनात पुढे-मागे होते. या प्रत्येक स्पर्शाला तारेला एक सूक्ष्म टिचकी बसते. तीही कितीतरी वेळा, दर सेकंदाला. खालच्या उपस्वरांतली ऊर्जा त्या टिचक्यांमधून वरच्या उपस्वरांकडे जाते. म्हणून ते छेडल्यानंतर विझायच्या ऐवजी वाढतात. दोरा काय करतो, तर तारेला घोडीपासून जरासं उचलून हा स्पर्श नेमका किती आणि कधी व्हावा ते ठरवतो.

नंतरच्या संशोधकांनी त्यात आणखी एक गोष्ट उलगडली. पोलादी तार थोडी ताठ असते, त्यामुळे बारीक लहरी तिच्यावरून जाड लहरींपेक्षा जलद धावतात आणि प्रत्येक फेरीला थोड्या पुढे निघून जातात. तानपुऱ्याच्या एका तारेचा आवाज संगणकावर काढून पाहिला तर उपस्वरांचा एक जोरकस पट्टा वरून खाली हळूहळू उतरताना दिसतो. कान तेच ऐकतो: छेडल्यावर आधी झंकार, मग त्यातून उतरत उतरत निषाद, पंचम, गंधार. बाई जे "कान दे" म्हणत होत्या ते या उताराकडे.

तबल्याचं थोडक्यात सांगते, कारण ते काम रामन यांनी याच सुमारास केलं. नुसतं ताणलेलं गोल कातडं सुरात बोलत नाही. त्याची पहिली काही कंपनं १, १.५९, २.१४, २.३० अशा वेड्यावाकड्या प्रमाणात असतात, म्हणून ढोलाला दणका असतो पण स्वर नसतो. मध्यभागी लोहकिसाची शाई थरावर थर देऊन घोटली की ती प्रमाणं सरकतात आणि १, २, ३, ४, ५ च्या जवळ येऊन बसतात. कातड्याला तारेसारखं वागायला लावणारं हे काम कुठल्याही गणिताशिवाय, दगडाने घोटून झालेलं आहे. शाई भरणाऱ्याचं नाव मैफिलीच्या पत्रिकेत कधी छापलेलं मी पाहिलं नाही. ते छापायला हवं.

तानपुऱ्याकडे परत. गंधार ऐकू यायला लागला की पहिला परिणाम असा होतो की हार्मोनियमचा गंधार टोचायला लागतो. पेटीची सप्तकं बारा सारख्या पायऱ्यांत कापलेली असतात. काळी एकचा सा धरला तर गंधार येतो पांढरी चारवर, आणि त्याचा वरचा उपस्वर ३४९.२ ला पडतो. तानपुऱ्याचा गंधार ३४६.५ ला. दोन्ही एकत्र वाजले की सेकंदाला जवळजवळ पावणेतीन हेलकावे ऐकू येतात. याउलट पेटीचा पंचम आणि तानपुऱ्याचा पंचम यांच्यात दोन सेकंदांना जेमतेम एक हेलकावा, म्हणजे भांडण नाहीच. आकाशवाणीवर १९४० पासून तीन दशकं पेटीला बंदी होती त्यामागे हा वाद होता. ती बंदी मला पटत नाही. गोविंदराव टेंब्यांसारख्यांनी ज्या वाद्यातून मराठी कान घडवला त्याला दाराबाहेर ठेवणं अन्यायाचंच होतं. चांगला पेटीवादक गंधारावर रेंगाळत नाही, त्याला माहीत असतं. पण शिकणाऱ्या मुलीने गंधार पेटीवरून उचलू नये, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

हेलकावे म्हणजे शास्त्रातले विस्पंद. तानपुरा लावणं म्हणजे तेच ऐकणं. जोडाच्या दोन तारा एकमेकींच्या जवळ आल्या की आवाज भरभर डुलतो. खुंटी जरा फिरवली की डुलणं मंदावतं, मग घोडीच्या खालच्या बाजूचा मणी नखाने सरकवायचा. डुलणं थांबतं आणि दोन तारांची एकच तार होते. सेकंदाच्या भागातला एक-अर्धा हेलकावा कान असा पकडतो. पावसाळ्यात दांडी फुगते, स्टेजवरच्या दिव्यांनी तारा तापून उतरतात, म्हणून गवई मध्येच थांबून पुन्हा लावतो.

मिरजेच्याच भागात, सांगलीला, कृष्णाजी बल्लाळ देवल नावाचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर राहत. त्यांना बावीस श्रुतींची, म्हणजे सप्तकातल्या बारीक स्वरस्थानांची, कंपनसंख्या शोधायचा ध्यास होता. नाट्यशास्त्रात भरताने षड्जाला चार, ऋषभाला तीन, गंधाराला दोन अशी वाटणी सांगितली, पण आकडे दिले नाहीत. देवलांनी १९१० मध्ये आपले आकडे पुस्तिकेतून मांडले. अर्नेस्ट क्लेमेंट्स हे आयसीएस, म्हणजे ब्रिटिश काळातल्या सनदी सेवेतले, अधिकारी त्यांच्या सोबतीला आले, त्यातून श्रुतींची पेटी तयार झाली. प्रयोगासाठी गळा दिला तो अब्दुल करीम खाँसाहेबांनी. खाँसाहेब पुढे मिरजेचेच झाले. वाद्यं दुरुस्त करण्यात, जवारी काढण्यातही त्यांचा हात होता, आणि १९३७ साली गेल्यावर त्यांचं दफन मिरजेच्या दर्ग्यातच झालं. जवारी कळणारा गवई आणि आकडे मांडणारा डेप्युटी कलेक्टर एका खोलीत बसले होते, याचं मला फार अप्रूप वाटतं. १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत या श्रुतींवरून वाद झडला, आणि तो अजून मिटलेला नाही. पुढे १९६० च्या दशकात संगीताचे अभ्यासक नाझिर जैराझभॉय यांनी ध्वनिमुद्रणांवरून मोजमाप केलं, तेव्हा गायक-वादकांचे स्वर एका ठरावीक आकड्यावर बसत नाहीत, माणसागणिक सरकतात, असं दिसलं. काहींना त्यामुळे देवलांचे कष्ट वाया गेले असं वाटतं. मला तसं वाटत नाही. आकडा चुकला तरी तानपुऱ्याजवळ इतक्या बारकाईने कान नेणारं त्यांच्या आधी कुणी विज्ञानाच्या बाजूने आलं नव्हतं.

आता बहुतेक रियाझ मोबाइलवरच्या तानपुऱ्यावर होतो. मीही प्रवासात तेच करते. त्यात गमतीची गोष्ट अशी की फोनच्या चिमुकल्या स्पीकरमधून ६९ कंपनांचा खर्ज जवळजवळ बाहेर पडतच नाही. तरी आपल्याला खर्ज ऐकू येतो. १३९, २०८, २७७, ३४६ असे उपस्वर कानावर पडले की त्यांच्यातलं समान अंतर मेंदू ओळखतो आणि नसलेला मूळ स्वर स्वतःच भरून काढतो. स्वतः लावलेल्या तानपुऱ्यात खर्जातून गंधार निघतो, फोनमध्ये गंधारावरून खर्ज बांधला जातो. एवढं समजलं की फोनवर राग येत नाही. माझी तक्रार एकच आहे. फोनचा तानपुरा आधीच लागलेला असतो. हेलकावे मिटवायचे ते कान त्यात तयार होत नाहीत, आणि माझ्याकडे येणाऱ्या मुली गोड गातात पण दोन तारा जुळवायला दिल्या की बावरतात. म्हणून मी त्यांना आधी जोड लावायला बसवते, गाणं नंतर.

यातल्याच एका चुणचुणीत मुलीने मागच्या पावसाळ्यात विचारलं, "ताई, तोडीत तर कोमल गंधार आहे. मग तानपुऱ्यातून शुद्ध गंधार वाजत असताना तोडी गायची कशी?" प्रश्न अस्सल आहे. तोडी रागातला कोमल गंधार शुद्ध गंधाराच्या खाली असतो. मारव्याला हा त्रास नाही. पहिली तार निषादावर घेतली की तिचा तिप्पट कंपनाचा उपस्वर म्हणजे तीव्र मध्यमच, तो रागाला हवाच असतो. पण मालकंसाला पहिली तार मध्यमावर घेतली तर तिच्यातून शुद्ध धैवत निघतो, खर्जातून शुद्ध गंधार, आणि रागात दोन्ही कोमल. तोडीचा कोमल गंधार तर आणखी उतरलेला. त्याचा उपस्वर आणि तानपुऱ्याचा गंधार यांच्यात सेकंदाला चौदाहून अधिक कंपनांचा फरक पडतो. इतक्या जलद हेलकाव्यांना कान हेलकावे म्हणून ऐकतच नाही, एक प्रकारची खरखर जाणवते.

मी हा प्रश्न चाचांना विचारला. ते म्हणाले, तोडी गायची म्हणून जवारी बंद करून, म्हणजे तारेचा झंकार दाबून, द्या असं सांगत आजवर कुणी आलेलं नाही. उलट तोडी-दरबारीवाले खुली जवारी मागतात. मला वाटतं, ती खरखर गवयाला हवीच असते. बिलावल, यमन, भूप गाताना गळा तानपुऱ्यातल्या गंधारात जाऊन मिसळतो आणि दिसेनासा होतो. तोडीत त्याला मिसळायला जागा नसते. आधाराचा स्वर कानात सतत वाजत असताना गळ्याने त्याच्या खाली, स्वतःच्या बळावर उभं राहायचं असतं, आणि दर आवर्तनाला तेवढंच अंतर राखायचं असतं. त्या मुलीला मी सध्या एवढंच करायला लावते: खर्ज छेडायचा, त्यातला शुद्ध गंधार वर येईपर्यंत थांबायचं, आणि मग कोमल लावायचा.